घराण्यातील वादांचे कागद कोठे शोधावेत

खेड्यातील एखाद्या घराण्याच्या कलहाचे कागद हवे असल्यास अभ्यासक प्रथम न्यायालयाचे दप्तर गाठतो. इंग्रजी अंमलातील व त्यानंतरच्या दाव्यांपुरते हे ठीक होय. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांची घडी बसविली. १९८४ च्या कायद्याचे कुटुंब न्यायालय जेथे नाही, तेथे कौटुंबिक दावे आजही दिवाणी न्यायालयांकडेच जातात. दाव्याचा क्रमांक, वर्ष व पक्षकारांची नावे हाती असली, म्हणजे नकलेचा अर्ज करता येतो.

मराठेशाहीतील भाऊबंदकी मात्र अशी सापडावयाची नाही. गोतसभेने वतनाचा निवाडा केला की महजर जिंकलेल्या पक्षाच्या हाती जाई. हरलेल्याने लिहून दिलेले यजितखतही त्याच्याच घरी. पराभवाची कबुली अशी विजेत्याच्या पेटीत राहिली! म्हणून पराभूत शाखेच्या वंशजाने स्वतःचे माळे धुंडाळण्यापेक्षा प्रतिपक्षाच्या घरी विनंती करणे अधिक फलदायी; अर्थात अधिक अवघडही, कारण जुने भांडण उकरले जाण्याची धास्ती तेथे असू शकते.

मागणीचा शब्दही नेमका हवा. ‘निकाल’ मागून भागत नाही, ‘करीना’ विचारावा. करीना म्हणजे पक्षकाराने सांगितलेली घराण्याची पूर्वपीठिका : मूळ पुरुष कोण, वडीलकी कोणाची, वतन कोणी चालविले. कुटुंबाच्या इतिहासास निवाड्याहून हाच भाग मोलाचा. पुष्कळ महजरांत उभय पक्षांचे करीने उतरवून घेतलेले आढळतात. हरलेल्याचे म्हणणे त्यामुळेच, विजेत्याने जपलेल्या कागदात, शब्दशः नसले तरी टिकून राहिले आहे.