कामाची वाटणी आणि घरातला हिशेब

शेतकऱ्याच्या घरातली कामाची वाटणी कोणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. परंतु ती इतकी पक्की की, तीत फेरफार करू म्हणणाऱ्याला गाव हसावे. देशावर नांगर, कुळव व मोट पुरुषाची. खुरपणी आणि वेचणी बाईची. कोकणात चिखलणी त्याची, लावणी तिची. उफणणीला तो तिवईवर उभा, ती खालून पाट्या भरून देणार. नांगराला तर बाईने हातही लावू नये, असा जुना संकेत.

आम्हांला वाटते, या वाटणीला सहसा दोघांपैकी कोणीही अन्याय म्हणत नसे. त्याने नांगरावे, आपण निंदावे, यात बाईला वावगे दिसत नव्हते. तिची तक्रार दिवेलागणीनंतरची होती. शेतातून दोघे बरोबर परतत. तो ओट्यावर टेकला की त्याचा दिवस संपला. तिचे पाणी, चूल आणि पहाटेचे जाते अजून शिल्लकच. जात्यावरच्या ओव्यांत हा शीण जागोजाग आला आहे. पुरुषांनी तो ऐकला नाही असे नव्हे. त्यांनी तो हिशेबात धरला नाही. बैल ज्याच्या हाती त्याचे 'काम', बाकीच्यांचा 'हातभार'! पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, तेव्हा दळणाला पैसे पडू लागले. तोवर ते फुकटच चालले होते.

हिशेबाचा पहिला धक्का सरकारी कामावर बसला. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. परक्याच्या शेतावर बाईचा रोज पुरुषाहून कमी असे. येथे मजुरी मापावर होती. नवरा खणी, बायको पाटी वाही. खड्डा दोघांचा, आणि हजेरीपटावर तिचे नाव मात्र वेगळे.

पण स्वतःच्या शेतावर हजेरीपट कोण ठेवणार? हा प्रश्न शेतकरी संघटनेपुढे येणे अटळ होते. घामाला दाम मिळत नाही, शेतमालाच्या भावात घरच्या माणसांच्या श्रमाचा मोबदला धरा, ही तिची सरकारकडे मागणी. मग त्या घामात घरधनिणीचा घाम किती? नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे काही वर्षांतच शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. तिचा युक्तिवाद आम्हांला मार्मिक वाटतो. त्यांनी पुरुषांना दयेचे आवाहन केले नाही, कर्जाची भाषा वापरली. सावकाराचे आणि बँकेचे देणे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. बायकोचे देणे त्याने कधी मांडलेच नव्हते. ते फेडायचे तर जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा, असे सांगितले, आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी तसे केले. कर्ज ही गोष्ट त्यांना समजत होती, हे त्याचे एक कारण असावे.

कायदा इतका पुढे गेलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. बायकोची गोष्ट निराळी. नवरा हयात असता त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव आपोआप चढत नाही. त्याने स्वतः तलाठ्याकडे जाऊन अर्ज द्यावा लागतो.