चहा कुठे प्यावा? जिथे आडनाव सांगून पिता येतो तिथे!

मित्रांनो, येवल्यातून नोकरीसाठी मुंबईला गेलेली आमची पोरं सुट्टीत आली की सांगतात, "तिकडं बरंय, हॉटेलात कुणी जात विचारत नाही." दुपारचा चहा कुठे घ्यावा, याचं त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: इराण्याकडे. धोबीतलावचं कयानी १९०४ सालापासून आहे. पैसे टाका, ब्रून मस्का खा, चहा प्या. गावात वेगळी कपबशी बघितलेल्या माणसाला हे स्वातंत्र्यच वाटणार. ते आम्ही नाकारत नाही.

पण जात न विचारणं आणि जात न मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान. पण हिंदू हॉटेलात आपल्याला थारा नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पारशी नाव सांगून ते पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे! जात लपली तोवर छप्पर होतं. कळली आणि छप्पर गेलं.

आता कोल्हापूर बघा. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. त्याचं नाव 'सत्यसुधारक'. महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या सवर्णांनाही पाजायचे. इथे मालकाची जात सगळ्यांना माहीत होती. ती माहीत असून कप ओठाला लागला. कोल्हापूरची क्रांती ती हीच!

पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने हॉटेलांची दारं उघडली. १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ ने तिथली सर्वांसाठीची भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे वेगळा कप ही 'गावची रीत' नाही, तो गुन्हा आहे. आज कागदी कप आले. सगळ्यांचा कप सारखा झाला, कारण तो फेकूनच द्यायचा असतो. कप फेकला म्हणून मनातली जात जात नाही.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचा अनुभव गाठीशी घेऊन बाबासाहेब १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या येवल्यात आले. बडोद्यात ज्यांना नाव लपवावं लागलं, त्यांनी इथे हजारोंसमोर धर्मांतराची घोषणा केली. लपून नाही, जाहीरपणे.

म्हणून पोरांनो, इराण्याकडे जरूर जा. पण टेबलावरच्या मित्राने आडनाव विचारलं तर अर्धंच सांगून गप्प बसू नका. पूर्ण सांगा, आणि मगच पुढचा घोट घ्या. त्यानंतरही जो समोर बसून राहील, त्याच्यासोबतचा चहा खरा.

जय भीम!