विमानाच्या पोटाचा रंग

1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात झुंजलेल्या स्पिटफायर विमानांच्या, एका इंचास सहा फूट या प्रमाणातील प्रतिकृती सिद्ध करणाऱ्या छंदिष्ट मंडळींत जर कोणता वाद पिढ्यान्‌पिढ्या निकालात निघाला नसेल, तर तो त्या विमानांच्या पोटाच्या रंगाचा होय. पाठीविषयी फारशी तक्रार नाही. गडद हिरवा आणि गडद मातकट असे दोन रंग ठरलेल्या आराखड्याबरहुकूम चढवले जात आणि त्यांचे अधिकृत नमुनेही उपलब्ध आहेत. परंतु पोटासाठी ‘स्काय’ या नावाचा जो फिकट, किंचित पिवळसर हिरवा रंग मुक्रर झाला, त्याची कुळकथा विलक्षण आहे आणि तिची एक शाखा थेट आपल्या राजस्थानात पोहोचते.

सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक मोठा खटपटी, आणि सरकारी शिरस्त्याविषयी उपजत अनास्था बाळगणारा. युद्ध सुरू झाल्यावर हेस्टन येथील छायाचित्रण-टेहळणीची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्यापूर्वी कधीतरी त्याच विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरव्या रंगाचे खासगी विमान उडाले आणि पाहता पाहता आभाळात असे मिसळून गेले की, तोच रंग आपल्या कामी आणण्याची कल्पना कॉटनला सुचली, असे सांगतात. हकीकत मुळात खुद्द कॉटनचीच असल्यामुळे तिला थोडे तिखटमीठ लागले असेल. परंतु महाराजा उमेदसिंह यांचा विमानविद्येचा नाद सर्वश्रुत होता, तेव्हा ती असंभाव्य मुळीच नाही. कॉटनने या रंगाला ‘कॅमोटिंट’ असे नाव दिले. 18 नोव्हेंबर 1939 रोजी फ्रान्समधील सेक्लाँ येथून त्याच्या पथकाचे स्पिटफायर 33,000 फुटांवरून जर्मन सरहद्दीकडे टेहळणीस गेले. तितक्या उंचीवर निळा रंगच अधिक उपकारक ठरतो, हे पुढे अनुभवाने कळले आणि टेहळणी विमाने निळी झाली. हिरवट छटा मात्र खाली लढणाऱ्या विमानांच्या वाट्याला आली.

तोवर लढाऊ विमानांचे पोट अर्धे काळे व अर्धे पांढरे असे. हेतू हा की, जमिनीवरील निरीक्षकांना आणि तोफखान्याला स्वकीय विमान तत्काळ ओळखू यावे. डंकर्कची माघार संपताच, 6 जून 1940 रोजी, सारे पोट ‘स्काय’ रंगाने रंगवावे असा हुकूम सुटला. हुकूम सुटला, पण रंग कोठे होता? युद्धकाळातील कोठारे ही कोठारेच; तेथे मागणीपत्र आधी पोहोचते आणि माल सवडीने येतो. कारखान्यांतून नवी विमाने बाहेर पडत होती, पथकांकडे जुनी विमाने होती, शत्रू खाडीपलीकडे येऊन ठेपला होता. अशा स्थितीत कोणी हाताशी असलेला फिकट निळा वापरला, कोणी पांढऱ्यात निळा व पिवळा कालवून अदमासाने छटा साधली, आणि कोणाचे विमान काही काळ पूर्वीच्याच काळ्या-पांढऱ्या पोटाने लढले. हा गोंधळ पुरता निस्तरण्यापूर्वीच 27 नोव्हेंबरला नवे फर्मान आले: डावा पंख खालून पुन्हा काळा करावा आणि शेपटीपुढे 18 इंच रुंदीचा ‘स्काय’ पट्टा ओढावा. प्रतिकृतीवर हा पट्टा बरोबर पाव इंचाचा होतो. काळा पंख 1941 च्या एप्रिलात पुन्हा नाहीसा झाला.

आता पुरावा पाहू जावे, तर बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि त्यातही फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असली की पिवळा रंग काळपट व निळा फिकट उमटून पाहणाऱ्याची साफ दिशाभूल होते. जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर विश्वास टाकावा, तर ऊन, पाऊस आणि जमिनीतील ओल यांनी त्यांवर आपापले हात फिरवलेले असतात. शिवाय भिन्न रंगद्रव्यांनी साधलेल्या दोन छटा दिवसाच्या प्रकाशात जुळून दिव्याखाली फटकून वागतात. हेंडन येथील संग्रहालयाच्या ग्रंथमालेत 1976 साली या रंगांचा ग्रंथ प्रत्यक्ष रंगवलेल्या नमुन्यांसह निघाला, तेव्हा अनेकांना वाटले की मामला मिटला. परंतु नमुना म्हणजे फर्मान. पंचनामा करायचा असतो तो विमानाचा.

याच्या उलट उदाहरणही आहे. 1941 च्या ऑगस्टात पाठीवरील मातकट रंगाच्या जागी करडा रंग आला, तेव्हा तयार पुरवठ्याअभावी सात भाग फिकट करड्यात एक भाग काळा मिसळावा अशी तजवीज करण्यात आली. तंगीतून जन्मलेली ही कृती लेखी उरली, म्हणून ती आजही कोणालाही पडताळून पाहता येते.

एअरफिक्सने 1953 साली आपले पहिले स्पिटफायर विक्रीस आणले, ते फिकट निळ्या प्लास्टिकचे. मुलांना त्याचे काही वाटले नाही. पुढे हौस वाढली, ‘अस्सल’ म्हणून रंगांच्या लहान डब्या मिळू लागल्या, आणि अंतराचा प्रश्न उपस्थित झाला: दोन फुटांवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे 144 फुटांवरचे विमान, आणि मधल्या हवेने रंग विटतो, सबब डबीतल्या रंगात थोडा पांढरा घालावा, असा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे मला पटते. मात्र जून 1940 च्या स्पिटफायरचे पोट कोणी निळसर रंगवले, तर स्पर्धेतील परीक्षकाने त्याचे गुण कापण्यापूर्वी त्या विशिष्ट विमानाचे, त्या विशिष्ट आठवड्यातील छायाचित्र पुढे ठेवावे.