मत्स्यसाठ्याचे नमुना-सर्वेक्षण

समुद्रातील मासे एकेक करून मोजता येत नाहीत. किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीवरून किंवा ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंदाज बांधावा लागतो. भारतात या शास्त्राला आकार देणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) प्रमुख होत. जन्म सातारा जिल्ह्यात, कोरेगावशेजारच्या खटाव तालुक्यातील बुध गावी. पिकांच्या अंदाजासाठी त्यांनी रुजवलेले यादृच्छिक नमुन्याचे तंत्र मासळीलाही लागू झाले. पानसे व शास्त्री यांच्यासह त्यांनी लिहिलेला यावरील निबंध १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात आला. खटावसारख्या दुष्काळी मुलुखातल्या माणसाने समुद्राचा हिशेब मांडावा, हे विलक्षणच. अंटार्क्टिकच्या २००० मधील क्रिल (कोळंबीसारखा लहान जीव) सर्वेक्षणातही क्षेत्राचे स्तर पाडून जहाजांचे समांतर मार्ग यादृच्छिक पद्धतीनेच निवडले होते.