दीड दिवसाच्या शाळेतला लेखक

या स्मरणिकेत बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या असतील. मी मात्र ज्यांना शाळा जेमतेम दीड दिवस लाभली असं सांगतात, त्यांच्याबद्दल लिहितोय. वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ.

वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत काम केलं, चळवळीत वाचायला-लिहायला शिकले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सावकार, शेटजी, निवडणुका हे त्यांच्या तमाशांचे विषय. स्वातंत्र्य आलं आणि लवकरच कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. मुंबईचं गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. मजरूह सुलतानपुरी आणि बलराज साहनीही त्याच सुमारास तुरुंगात गेले.

तिकडे हॉलिवूडनेही तेव्हाच डाव्या पटकथाकारांची काळी यादी केली होती. डाल्टन ट्रम्बो टोपणनावांनी लिहीत राहिला. 1957 साली त्याच्या कथेला ऑस्कर मिळालं, तेही रॉबर्ट रिच या टोपणनावाला! अण्णा भाऊंनी स्वतःचं नाव लपवलं नाही, तमाशाचं बदललं. तमाशाला बंदी ना? मग हे लोकनाट्य. हा शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात.

आपल्या किनाऱ्याला हे सारं परकं नव्हतं. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 खोतांविरुद्ध संप चालवला होता. शिवाय गिरण्यांत आपल्याच घरचे चाकरमानी होते, रेवसहून भाऊच्या धक्क्याला उतरलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली, गावी राहिलेल्या मैनेची अण्णा भाऊंची छक्कड ही खरं तर आपल्या आया-आज्यांचीच गोष्ट. ती ऐकायला कुणाला परवानगी काढावी लागली नाही.

पुढे मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं आणि 1961 साली ‘फकिरा’ कादंबरीला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. ‘वैजयंता’ पडद्यावर आली, 1963 साली ‘फकिरा’ही. सिनेमाने नाव दिलं, पण घर नाही. अनेक वर्षं ते घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतच राहिले, तिथेच लिहीत बसले. 18 जुलै 1969 रोजी ते गेले, वय अवघं 48. 2002 साली टपाल खात्याने त्यांच्यावर 4 रुपयांचं तिकीट काढलं.