रंगारी घराण्यातली गोळी

धरणगावात इंग्रजांनी १६७४ साली वखार घातली ती कापडासाठी. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी गाव लुटलं, १६७९ मध्ये पुन्हा लुटलं; म्हणजे पेठ लुटण्याजोगी होती. कापूस खानदेशचाच, विणकर आणि रंगारीही इथलेच. लाल रंगासाठी आलीची, म्हणजे बारतोंडीची, मुळं काळ्या मातीतून खणून काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारखान्यांचे डांबरापासून केलेले रंग बाजारात आले आणि आलीचा धंदा बसला. रंगाऱ्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या त्याच रंगांच्या घराण्यात पुढे पोटाची एक गोळी जन्मली. तिचं नाव सल्फासालाझिन.

गोळी नुसती पाहिली तरी घराणं ओळखू येतं. रंग हळदी-नारिंगी. सुरू केली की लघवी नारिंगी होते, आणि डॉक्टरांनी आधी सांगितलं नसेल तर माणूस काविळीच्या धसक्यानं जळगाव गाठतो. तिच्या रेणूचे दोन भाग नायट्रोजनच्या दोन अणूंनी सांधलेले आहेत. हाच अझो बंध कापडाच्या कितीतरी रंगांत असतो.

तिचा पूर्वज प्रॉन्टोसिल, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेतला लाल रंग. गेरहार्ड डोमाक यांनी १९३२ मध्ये तो जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना दिला आणि उंदीर जगले. १९३५ मध्ये हे जाहीर झालं, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कळलं की रंगाचा उपयोग काहीच नाही. शरीरात रेणू तुटतो आणि त्यातला बिनरंगी सल्फा जंतूंना रोखतो.

मग आल्या स्टॉकहोमच्या नाना स्वार्त्झ. नाव आपल्याकडच्या आजोबांचं वाटलं तरी या बाई, आणि स्वीडनमधल्या मोठ्या प्राध्यापक. आमवाताचं, हातापायांचे सांधे सुजवणाऱ्या दुखण्याचं, मूळ जंतूंत आहे असं त्यांचं मत होतं. म्हणून जंतूंसाठी सल्फा आणि सुजेसाठी सॅलिसिलेट अझो बंधानं जोडून घेतलं; १९४२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. पण गुण ठळकपणे आला तो मोठ्या आतड्याला जखमा होऊन रक्ताचे जुलाब होणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना. आयुर्वेदातल्या माधवनिदानातही आमवाताचं मूळ बिघडलेल्या पचनात सांगितलं आहे. त्यावरून छाती फुगवायचं कारण नाही, पण सांधे आणि आतडी एकत्र पाहायची नजर जुनी आहे, एवढं खरं.

सांध्यांच्या बाबतीत मात्र १९४९ च्या एका ब्रिटिश चाचणीनं गोळीला नापास केलं. तीसेक वर्षं सांधेवाले तिच्याकडे फिरकले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये ती पुन्हा वापरात आली. दरम्यान ऑक्सफर्डमध्ये आझाद खान या बांगलादेशी डॉक्टरांनी १९७७ मध्ये गोळीचे दोन्ही भाग वेगवेगळे करून एनिमावाटे रुग्णांच्या आतड्यात सोडले. आतडं बरं केलं ते सॅलिसिलेटच्या भागानं. मोठ्या आतड्यातले जीवाणू अझो बंध तोडतात आणि औषध नेमकं दुखऱ्या जागी मोकळं होतं. सांध्यांवरचं काम बहुधा सल्फाच्या भागाचं.

स्वार्त्झ यांचा जंतूंचा सिद्धांत मागे पडला. आज मानतात ते असं, की प्रतिकारशक्तीच बिथरते आणि आपल्याच आतड्याच्या अस्तरावर, आपल्याच सांध्यांवर चालून जाते. ऐंशीच्या दशकात बेल्जियममधल्या गेंट इथं मणक्याच्या दाहाच्या रुग्णांच्या आतड्यात दुर्बीण घातली, तर अर्ध्याहून अधिक जणांच्या आतड्यात सूज निघाली, आणि त्यातल्या बहुतेकांची पोटाची तक्रारच नव्हती! दोन आजार, दोन डॉक्टर, दोन फायली ही वाटणी रुग्णालयाच्या सोयीची आहे.

नुसता कोलायटिस असेल तर आता बहुधा सॅलिसिलेटचा भाग तेवढा देतात, मेसालामिन या नावानं. हातापायांचे सांधेही धरले असतील तर जुनी नारिंगी गोळी कामी येते. मधूनमधून रक्त आणि यकृत तपासावं लागतं, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती चालतच नाही. मणक्यावर तिचा फारसा जोर नाही. तिथं महागडी इंजेक्शनं लागतात, आणि तीही सगळी सारखी नाहीत. इन्फ्लिक्सिमॅब सांधे आणि आतडी दोन्हींना लागू पडतं, एटानरसेप्ट सांध्यांना आराम देतं पण आतड्याला नाही. शिवाय ही इंजेक्शनं शरीरात दबून बसलेला क्षय उठवू शकतात, म्हणून आपल्याकडे छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी झाल्याशिवाय पहिली सुई टोचत नाहीत.