मीटर सापडेना, पण चंद्राचे तेज पाठ होते

१९४१ चा शरद ऋतू. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मोटारीने सांता फेकडे परतत होते. वाटेत हर्नांडेझ नावाचे खेडे लागले आणि त्यांनी गाडी थांबवली. पूर्वेला बर्फाळ डोंगरांवर चंद्र वर आला होता आणि खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळतीच्या उन्हात उजळले होते. ते ऊन काही क्षणांचेच सोबती होते.

मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्या मदतीने आठ बाय दहा इंची अवजड कॅमेरा उभा राहिला. पण प्रकाश मोजणारा वेस्टन मीटर काही केल्या सापडेना!

अंदाज बांधायचा तरी कशावरून? क्रुसांवरच्या उन्हाचा भरवसा नव्हता. चंद्राचा होता. पृथ्वीवर सांज झाली, तरी चंद्राच्या दिसणाऱ्या भागावर लखलखीत ऊनच असते. त्याचे तेज दर चौरस फुटाला सुमारे २५० कँडल, हा आकडा अ‍ॅडम्स यांना पाठ होता.

पुढचे गणित तोंडी झाले. चंद्र उजळ हवा, पण निव्वळ पांढरा ठिपका नको. म्हणून तो मध्यम करड्या छटेपेक्षा दोन पायऱ्या वर ठेवायचा. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे मध्यम छटा २५० च्या चौथाईवर, साधारण ६० वर आली. फिल्मची गती ६४, तिचे वर्गमूळ ८. यावरून एफ ८ ला १/६० सेकंद. गडद पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट वेळ, म्हणजे १/२०. जवळचे-दूरचे सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र एफ ३२ इतके लहान केले, तेव्हा वेळ झाला जवळजवळ एक सेकंद.

खटका दाबला. दुसऱ्या प्रतीसाठी फिल्मची चौकट उलटीपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. हाती एकच निगेटिव्ह उरली.

अंदाज चंद्रापुरता अचूक ठरला. जमिनीचा भाग मात्र निगेटिव्हवर फारच फिका उतरला. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी तेवढाच भाग रसायनाने गडद करून घेतला. ‘मूनराइज’ची कीर्ती सांगताना ही दुरुस्ती बहुधा वगळली जाते.

गंमत अशी की, चंद्राचे तेज लक्षात ठेवणाऱ्या अ‍ॅडम्स यांना छायाचित्राचे साल मात्र नीट आठवत नसे. तेही अखेर चंद्रावरूनच ठरले. १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी चित्रातल्या चंद्राच्या स्थानावरून वेळ काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे.